फुल्ल हजेरी

नांदेडच्या स्टेशनात सकाळची भोकरकडची पॅसेंजर लागते तेव्हा आधी माणसं चढत नाहीत, रुमाल चढतात. गाडी अजून रांगत असते आणि खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, जेवणाचे डबे, वर्तमानपत्रं सपासप आत पडतात. एकदा एका गुरुजींनी डोक्यावरची टोपी टाकलेली मी पाहिली आहे. आणि एकदा, गळ्याची शपथ, एक जिवंत कोंबडी. त्या कोंबडीनं चार जागा धरल्या होत्या. या गाडीचा कायदा एकच आहे : रुमाल टाकला की माणूस बसला. मग तो माणूस अजून फलाटावर चहा पीत असो की तिकीटखिडकीशी भांडत असो, त्याच्या जागेवर बसायची कुणाची छाती नाही. दिल्लीतले कायदे बदलत असतील, हा बदलत नाही.

अशा गाडीत जागा असून उभा राहणारा माणूस एकच होता. दाराजवळच्या एकट्या सीटवर तो पिवळ्या फलालीनचा, काच पुसायचा तुकडा टाकायचा, त्यावर खांद्यावरची पिशवी ठेवायचा आणि स्वतः नांदेड ते भोकर दाराच्या दांड्याला पाठ लावून उभा. गळ्यात कॅमेरा. कॅमेऱ्याचा पट्टा मोच्याकडून तीन वेळा शिवून घेतलेला. त्यांना सगळा डबा चाचा म्हणायचा.

चाचांचा वजिराबादेत फोटो स्टुडिओ होता. नांदेडात असा माणूस सापडणार नाही ज्याचा पासपोर्ट फोटो चाचांनी काढला नाही, आणि असाही सापडणार नाही ज्यानं त्या फोटोत स्वतःला पहिल्या झटक्यात ओळखलं. दहावीचा फॉर्म असो, रेशनकार्ड असो, नोकरीचा अर्ज असो, मागे निळा पडदा. सोयरिकीसाठी मात्र रंगवलेला धबधबा. "हनुवटी वर. डोळे मोठे. हसू नक्को. हलू नक्को." चाळीस वर्षं चाचांनी हेच चार हुकूम सोडले. मग हाताहातांत मोबाईल आले. मुलानं स्टुडिओत मोबाईलची कव्हरं लावली, धबधब्यावर चार्जर टांगले आणि म्हणाला, "अब्बा, आता आराम करा."

आराम कशाला म्हणतात हे चाचांना माहीत नव्हतं. त्यांनी नांदेड-भोकर मासिक पास काढला.

मी भोकरला एका कचेरीत कारकून. अकरा वर्षं अपडाऊन करतोय. अपडाऊन म्हणजे काय हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही, सोयरीक बघताना मुलगा काय करतो विचारलं तर बाप अभिमानानं सांगतो, "नौकरी हाय, अपडाऊन करून राहिलाय." तर चाचांनी पास काढला त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "चाचा, भोकरला काय काम काढलंत?"

"काम न्हाई."

"सोयरे हायेत?"

"न्हाईत."

"मग पास कायकू काढला?"

"मियाँ, चाळीस साल मी लोकांना खोटं बसवलं," चाचा म्हणाले. "हनुवटी वर, डोळे मोठे. असं घरात कोण बसतंय सांग? आता मला माणूस जसाच्या तसा पायजे. आन् माणूस जसाच्या तसा फकस्त या गाडीत सापडतो. घरात तो बाप असतो, हापिसात कारकून असतो. मधी दीड तास तो कोणीच नसतो. तवा काढायचा."

एवढं तत्त्वज्ञान पेलण्याची माझी सकाळी सातला तयारी नसायची. मी म्हणालो, "बरं." आणि केस विंचरून त्यांच्यासमोर हनुवटी वर करून बसलो. चाचांनी कॅमेरा उचललासुद्धा नाही. पंधरा दिवस मी रोज विंचरून बसलो. सोळाव्या दिवशी मुदखेडच्या पुढे मी शेंगा खाताना दातात फोलपट अडकलं, ते काढायला मी अख्खा हात तोंडात घातला, आणि क्लिक.

चाचांचा दिवस ठरलेला होता. आमच्या त्या अर्ध्या डब्यात रोजचे सतरा जण. चाचा प्रत्येकाचा रोज एक फोटो काढायचे, त्याच्या त्याच जागेवर. एखादा आला नाही तर त्याच्या रिकाम्या जागेचा काढायचे. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला की चाचा त्याला कॅमेऱ्यातली रिकामी जागा दाखवायचे आणि एवढंच म्हणायचे, "काल गैरहाजिर." कचेरीतल्या साहेबाला न घाबरणारी माणसं चाचांपुढे बोटं मोडत कारणं सांगायची. मेहुण्याचं लग्न होतं चाचा. ताप होता चाचा. आमचे एक लातूरकर होते, शेतीखात्यात कृषी सहायक. लातूरचे असल्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट लातूरपेक्षा कमी वाटायची, आणि त्यांच्या चुलत्यांची पैदास एवढी की आठवड्याआड अहमदपूरला लग्न. चाचांकडे त्यांच्या रिकाम्या सीटचे इतके फोटो होते, की त्यांच्यापेक्षा त्यांची सीटच फोटोत चांगली येते असं मी म्हणायचो.

सिस्टरबाईंनी मात्र पहिल्यांदा चाचांवर चप्पल उगारली होती. सिस्टरबाई भोकरला दवाखान्यात नर्स. आवाज असा, की त्या मुदखेडला बोलल्या तर भोकरचा पेशंट सरळ होऊन बसायचा. "कोणाला इचारून फोटो काढला वो तुमी? ह्यं वय हाय का तुमचं?"

चाचांनी वाद घातला नाही. "पुसून टाकतो, बेटी. आधी एकडाव बघ, मग सांग." असं म्हणत त्यांनी कॅमेरा पुढे केला. सिस्टरबाई खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या. मांडीवर डबा. डब्याच्या कडीत एक बोट अडकवलेलं, झोपेतही डबा पडू नये म्हणून. सिस्टरबाईंनी बराच वेळ बघितलं. मग त्यांचा तो आवाज कुठं गेला कोण जाणे, बारीक आवाजात म्हणाल्या, "मी इतकी दमते का वो?"

तो फोटो त्यांनी छापून मागितला, घरी नेला, नवऱ्याला दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्नाला बावीस वर्षं झालेला तो माणूस पहिल्यांदा त्यांना स्टेशनावर सोडायला आला. डबा त्याच्या हातात होता. त्यानं लाटलेल्या पोळ्यांचे आकार बघून लातूरकरांनी महाराष्ट्रातले सगळे जिल्हे ओळखून दाखवले. पण सिस्टरबाईंनी एक तुकडा कुणाला दिला नाही.

चाचांचा एकच फोटो अंगाशी आला. आमचे गणिताचे सर, भोकरच्या शाळेत शिकवणारे, सीटवर बसून वह्या तपासताना स्वतःशीच हसायचे. तो फोटो चाचांना इतका आवडला की त्यांनी तो मोठा केला, चांगल्या काळ्या फ्रेमीत बसवला आणि सरांच्या घरी स्वतः नेऊन दिला. सर त्या दिवशी लातूरला गेलेले. सरांची बायको मंडईत. दार उघडलं ते खेड्यावरून आलेल्या मावशीनं. आता आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा फोटो काळ्या फ्रेमीत भिंतीला लागतो तो कशासाठी, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात दारात फ्रेम घेऊन उभे असलेले चाचा, पांढरी दाढी, मान खाली, म्हणाले, "लई चांगला माणूस. गाडीतले सगळे याद करतात."

झालं. मावशीनं असा हंबरडा फोडला की गोदावरीच्या घाटावरची कबुतरं उडाली. शेजारी जमले. कुणी हार आणला, कुणी सतरंज्या टाकल्या, एकानं तर सरांकडे राहिलेली आपली शिडी माफ करून टाकली. संध्याकाळी सर लातूरच्या एसटीतून उतरून दारात येतात तो आत स्वतःच्या फोटोला हार. मावशीनं त्यांना पाहिलं आणि आनंदानं शेजारणीला म्हणाली, "बघ गं, किती जीव होता घरावर. लगेच आला!"

चाचांनी हात जोडून माफी मागितली. पण माफी मागता मागता त्यांनी सरांना त्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं केलं, आणि चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "हसू नक्को." त्यानंतर चाचांनी फ्रेम करणं सोडलं. फोटो चिमट्याला टांगून द्यायचे. चिमट्याला कुणी हार घालत नाही.

हे सगळं करताना चाचांच्या मनात एकच हाव होती. तिला ते 'फुल्ल हजेरी' म्हणायचे. सतराच्या सतरा जण, आपापल्या जागेवर, एकाच दिवशी, एकाच फोटोत. चार वर्षांत ते एकदाही जमलं नव्हतं. कधी सर्दी, कधी सुट्टी, कधी एकादशी, आणि बाकी वेळ अहमदपूर. सोळापर्यंत गाडी यायची आणि थांबायची. चाचा कॅमेरा खाली करून म्हणायचे, "कल देखेंगे."

मग त्यांचे फोटो बिघडू लागले. माणसं कडेनं कापली जाऊ लागली. लातूरकरांचा अर्धा चेहरा, सरांचा नुसता कान. आणि एकदा चाचा दारातल्या पिशवीला अडखळून सिस्टरबाईंच्या अंगावर पडले. सिस्टरबाईंनी त्यांना धरलं, डोळ्यांसमोर बोट नाचवलं, बाजूला नेलं. "दिसतंय का? आता? आता?" मग माझ्याकडे वळून हुकूम सोडला, "ह्यांना लातूरला डोळ्याच्या डॉक्टराकडं न्या. उद्याच्याला."

लातूरकर म्हणाले, "डोळे लातूरलाच दाखवावेत." पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणी भांडलं नाही.

मी आणि चाचा एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला गेलो. तिथं चाचांची हनुवटी एका यंत्रावर ठेवली आणि हातात बटण दिलं. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "चाचा, समोर बघायचं. कुठं उजेड दिसला की बटण दाबायचं. हलायचं नाही."

"बेटी," चाचा म्हणाले, "मी जिंदगीभर दुसरं काय केलंय?"

यंत्रातून कागद निघाला. मध्ये नाण्याएवढं पांढरं आणि चारी बाजूंनी काळं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकत राहा, उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवू. मला काही सुचत नाही ही घटना लातूर जिल्ह्याच्या इतिहासात पहिलीच असावी. चाचांनी तो कागद लांब धरून बघितला.

"मोती समजून आलो होतो," ते म्हणाले, "काच निघाली." आणि मग, "पर हा फोटो जसाच्या तसा हाय हां. माझा असा कोणीच काढला नव्हता."

परतीच्या एसटीत चाकूर आलं तेव्हा म्हणाले, "एक फुल्ल हजेरी राहिली."

तिथून आमची जोडी जमली. मधलं चाचा बघायचे, कडा मी सांगायचो. मी त्यांच्या मागे उभा राहून खांद्यांवर हात ठेवायचा, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळवायचं, आणि जे आहे तेच सांगायचं. हे माझ्यासारख्याला किती जड गेलं ते मलाच माहीत. "चाचा, सिस्टरबाईंच्या शेजारी पन्नास पोती लसूण हाय."

"पन्नास म्हंजे किती?"

"...एक पिशवी."

"हां. तुझ्या पन्नासाचा भाव मला ठाऊक हाय."

शेवटी मी ठरवलं, की फुल्ल हजेरी होत नाही म्हणजे काय, ती करायची. मी सोळा जणांना एकेकटं गाठून सांगितलं : सोमवारी काहीही होवो, यायचं. चाचांना कळू द्यायचं नाही. रोजच्यासारखं यायचं. आणि कुणाला सांगू नका. आमच्याकडे 'कुणाला सांगू नका' म्हटलं की बातमी लवकर पोचते. लातूरकरांनी सख्ख्या चुलतभावाचं लग्न सोडलं. त्यांच्या चुलत्यांनी त्यांच्याशी अजून बोलणं सुरू केलेलं नाही. सरांना एकशे दोन ताप होता, म्हणजे खरं तर शंभर, पण ते आले.

सगळे आले. आणि कसे आले? सिस्टरबाई जरीकाठाच्या साडीत, डोक्यात गजरा. लातूरकर फेटा बांधून. सर लग्नातल्या कोटात. एक जण तर दाढीला काळं लावून आला होता, ते कानापर्यंत गेलेलं. गाडी सुटली तसे सतरा जण हनुवटी वर, डोळे मोठे करून बसले. मीसुद्धा नवा शर्ट घातला होता. उगाच दुसऱ्यांना कशाला नावं ठेवा?

चाचा दारात उभे. कॅमेरा डोळ्याला लावला. नाण्याएवढ्या खिडकीतून त्यांना एका वेळी एकच चेहरा दिसत असावा. पण ते थांबले आणि त्यांनी नाकानं हवा ओढली.

"डांबरगोळ्यांचा वास कुठून येऊन राहिला?"

सरांनी कोटाचं बटण चाचपलं.

"आन् मोगरा कायकू? आज तर साधा सोमवार." चाचा हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक चेहरा बघत गेले. मग कॅमेरा खाली घेतला. "ही तर वरात हाय. माझ्या गाडीतली माणसं कुठं गेली?" त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत आपल्या जागेवर खाली बसले.

डब्यात मयतीसारखं झालं. सिस्टरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की इंजेक्शन बरं.

मुदखेड गेलं आणि पुढे कुठल्यातरी सिग्नलला गाडी रुसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ऊन चढलं. सरांनी कोट काढून मांडीवर घेतला आणि सवयीनं त्यावर वह्या ठेवल्या. लातूरकरांनी फेटा उतरवून त्यात शेंगा ओतल्या आणि लातूरच्या शेंगा कशा याहून मोठ्या असतात ते सांगू लागले. खिडकी उघडायची की लावायची यावरून दोघांत जुनंच भांडण जुंपलं. काळी दाढी घामानं गळून कॉलरवर आली. सिस्टरबाईंचा गजरा कानाशी लोंबत होता, तोंड किंचित उघडं, आणि बोट डब्याच्या कडीत.

चाचांनी मान तिरकी करून नुसतं ऐकलं. मग उठले. मी जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो, खांद्यांवर हात ठेवले. ते पुटपुटले, "कडा सांग."

"डावीकडं जरा. अजून. बस."

"सगळे हायेत?"

"सतराच्या सतरा."

"सतरा म्हंजे किती?"

"सतराच, चाचा. अल्लाकसम आन् आईशप्पथ."

क्लिक.

आठ दिवसांनी त्यांनी फोटो छापून आणला, हातभर रुंद, वर चिमटा. सगळा डबा त्यावर पडला. कुणी कुणाला ओळखून हसत होतं, कुणी स्वतःलाच परत परत बघत होतं. मी मोजायला लागलो. सोळा. परत मोजले. सोळा. खिडकीजवळची तिसरी जागा रिकामी. माझी जागा. मी चाचांच्या मागे उभा होतो. सतरा मोजताना मी मला बसवूनच मोजलं होतं.

"चाचा," मी म्हणालो. चार वर्षांची त्यांची हाव, आणि डोळ्यांचं हे असं. दुसरा फोटो जमेल की नाही कुणी सांगावं? "चाचा, मी खोटं बोललो. माझी जागा रिकामी हाय."

चाचांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. नाण्याएवढी ती नजर कागदावरून सरकत सरकत तिसऱ्या जागेवर थांबली. तिथं त्यांनी बोट टेकवलं.

"हे काय हाय?"

मी वाकून बघितलं. सीटवर माझा निळ्या चौकटीचा रुमाल पडला होता, इस्त्रीचा तपकिरी डाग वर करून. सकाळी फलाटावरून मीच टाकलेला.

"रुमाल," मी म्हणालो.

"मग?" चाचा म्हणाले. "गाडीचा कायदा काय हाय?"

सिस्टरबाई मोठ्यानं म्हणाल्या, "रुमाल टाकला की माणूस बसला!" आणि सबंध डब्यानं बाकं बडवली.

तो फोटो चाचांच्या घरी चिमट्याला टांगलेला आहे. आता त्यांना तो दिसत नाही. थेंबांनी साथ दिली तेवढी दिली. मी गेलो की ते मला फोटोसमोर उभं करतात आणि डावीकडून एकेक सांगायला लावतात. मी एकाचे दीड केले की लगेच पकडतात. गाडीला येणं त्यांनी बंद केलं तेव्हा पिवळा फलालीनचा तुकडा सिस्टरबाईंनी मागून घेतला.

भोकरची गाडी लागते तेव्हा पहिल्यांदा तो आत पडतो, दाराजवळच्या एकट्या सीटवर. गाडी खच्चून भरते, माणसं दारात लोंबकळतात. परवा एक नवीन पाहुणा त्या सीटकडे बोट दाखवून चिडून म्हणाला, "कवापासून बघून राहिलो, ह्या फडक्याचा माणूस हाय तरी कुठं?"

लातूरकरांनी शेंगा सोलता सोलता वर न बघता सांगितलं, "हाजिर हाय. उभं राहायची सवय हाय त्यांना."